काकीची नागीण

माझा स्वभाव डूख धरणारा आहे. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. शाळेत आठवीतल्या एखाद्याने बाकावर कर्कटकाने माझं चित्र कोरलं, तर त्याच्या दहावीच्या निरोप समारंभापर्यंत मी ते विसरत नसे. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. त्यांचं मिळालं असेल. आमच्या डिलाईल रोडवर गंगा नाही.

मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यात शरीर विषाणूंशी कसं लढतं, हा धडा माझा सर्वांत लाडका. विषाणू नाकातून शिरतो, एखाद्या पेशीच्या घरात घुसतो आणि तिच्याच चुलीवर आपल्या पोराबाळांचा स्वयंपाक मांडतो. ती पेशी मरता मरता शेजारणींना ओरडून सांगते, बायांनो, दारं लावून घ्या. शेजारणी खरोखरच दारं लावतात. मग भक्षक पेशी धावत येतात आणि दिसेल ते गिळतात. ताप चढतो. तो ताप विषाणूचा नसतो, आपणच पेटवलेला असतो, हे पोरांना पटवायला मला दरवर्षी अख्खा तास लागायचा. काही दिवसांनी खरे मारेकरी येतात. विषाणूला घरात थारा दिलेल्या आपल्याच पेशींना ते शोधून शोधून मारतात, दयामाया नाही. लढाई संपली की बहुतेक जण मरून जातात, पण थोड्या पेशी मागे राहतात. त्यांनी फक्त तो चेहरा लक्षात ठेवायचा असतो. तोच विषाणू पुन्हा आला, तर त्याला पाय टेकू द्यायचे नाहीत.

"म्हणजे बाई, त्या बदला घेतात?" एका मुलीने विचारलं होतं.

"घेतात. आणि जन्मभर तयारीत असतात," मी म्हटलं. पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं. पण ते सांगताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्या काकीचा चेहरा होता.

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. चाळीत आमच्या दोन खोल्या शेजारी शेजारी. बाबा आणि काका दोघेही गिरणीत, पाळ्या वेगळ्या, त्यामुळे कुठल्याही वेळी एका खोलीत कोणीतरी झोपलेलं आणि दुसऱ्या खोलीत पोरांना "हळू बोला" म्हणून दटावणं चाललेलं. काकीचा मुलगा आणि मी एकाच वर्गात. दोघेही सातवीत, दोघेही स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होतो. आमच्या गुरुजींना खात्री माझी होती. त्याची कोणालाच नव्हती, त्याला स्वतःलाही नव्हती.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला चाळीत कांजिण्यांची साथ आली. आमच्याकडे कांजिण्या म्हणत नसत, देवी आल्या म्हणत. ज्या घरात देवी आल्या तिथे दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. मग त्या घरात फोडणी नाही, मासे नाहीत, केस विंचरणं नाही, हळदीकुंकू तर नाहीच नाही. पाहुणी म्हणून आलेल्या देवीला ठसका लागू द्यायचा नाही.

काकीच्या मुलाला देवी आल्या आणि काकीने डहाळा लावला नाही. कारण तिचं हळदीकुंकू ठरलेलं होतं. स्टीलच्या वाट्या वाण म्हणून आणून ठेवल्या होत्या आणि चाळभर बोलावणं गेलं होतं. तिने पोराला लांब बाह्यांचा स्वेटर घातला, तोंडाला पावडर फासली आणि आतल्या बाजूला कॉटच्या मागे बसवून ठेवलं. त्याच दिवशी आईने मला तिळगुळाचा डबा देऊन काकीकडे पाठवलं. "घाई करू नको. त्याच्यावांगडा खेळ थोडा येळ. जेवानच ये," असं ती म्हणाली. मी गेले. कॉटच्या मागे बसून त्याच्याशी पत्ते खेळले आणि त्याच्याच ताटात जेवले.

पुढचं सांगायची गरज नाही, पण सांगते, कारण सांगताना मला अजून बरं वाटतं. आठवडा गेला, दुसराही गेला. परीक्षेच्या दिवशी पहाटे मला ताप भरला आणि पोटावर पाण्यासारखे फोड आले. मी कडुलिंबाच्या पाल्यावर पडून होते आणि काकीचा मुलगा खपल्या पडून लख्ख झालेलं तोंड घेऊन माझी कंपासपेटी मागायला आला होता. आईने ती त्याला दिली. त्याला स्कॉलरशिप मिळाली. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने त्याचं नाव लिहिलं गेलं आणि शाळेत जायचं तर त्या फळ्यावरूनच जावं लागे.

मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. "तिना सांगूक व्हया होता," आई म्हणाली. काकीने सांगायला हवं होतं, तेवढ्या एका वाक्यावर मी चाळीसहून अधिक वर्षं काढली.

भांडण मी केलं नाही. भांडणं मिटतात. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. मी मोठी झाले, घर माझ्या हातात आलं, तेव्हापासून काकीची वाटी मी घासून, पुसून, कोरडी करून रिकामी परत द्यायला लागले. सोलकढीची असो, नाहीतर गावाहून आलेल्या फणसाच्या गऱ्यांची. काकी वाटी घ्यायची, आत बघायची आणि "बरा" म्हणायची. पुढच्या वेळी पुन्हा भरून पाठवायची. ह्या बाईला लाज कशी ती नाहीच, असं मला वाटायचं. आई बघत असायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, ती माझ्या बाजूने आहे.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि नशिबाने आम्हाला पुन्हा एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लावून आणून ठेवलं. आई माझ्याकडेच असताना वारली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे तिचा फोटो आणि मी, एवढंच घर. रोज सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली असते. त्यातला हार फोटोला घालायचा आणि मग चहा ठेवायचा, हा माझा नेम.

गेल्या वर्षी काकीची नात, म्हणजे माझी भाची, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचं सासर शीवला. पोरगी गोड आहे. तिच्या बापाचा राग मी तिच्यावर कधी काढला नाही. सातव्या महिन्यात खालच्या हॉलमध्ये डोहाळजेवण ठरलं. घरातली मोठी सवाष्ण म्हणून पहिली ओटी काकी भरणार होती. काका गावी कलमांपाशी रमले होते, पण काकीचं कुंकू रुपयाएवढं आणि ठसठशीत होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर बसलेली भाची, आणि हातात नारळ घेऊन तिच्याकडे निघालेली काकी.

ती वाकडी चालत होती. पदर अंगापासून लांब धरत होती. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा ब्लाउजच्या खाली, कमरेवर, मला लाल रेघ दिसली.

गेरूची रेघ. कोणत्याही गिरणगावकराला ती कळते. नागीण होते तेव्हा पाठीपासून पोटाकडे फोडांचा पट्टा सरकत येतो. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस दगावतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. म्हणून गेरूची रेघ ओढून तिची वाट अडवायची. काकी लालबागच्या कुणा बाईकडून ती ओढून घेऊन आली होती आणि घरात कोणाला बोलली नव्हती.

पण मी विज्ञानाची बाई. कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा विषाणू मरत नाही, हे मला ठाऊक होतं. मारेकऱ्यांचा डोळा चुकवून तो मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी दडून बसतो, वर्षानुवर्षं. पहारा करणाऱ्या पेशी त्याला तिथेच दाबून धरतात. माणूस म्हातारा झाला, पहारा ढिला पडला, की तो एका नसेची वाट पकडून कातडीवर येतो. तीच नागीण. आणि तिच्या फोडातलं पाणी लागलं, तर ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. पोटुशी बाई असली तर तिच्या आणि बाळाच्या जिवाशी गाठ.

काकीच्या कानात मला हे कुजबुजता आलं असतं. मला नको होतं. मी माझा वर्गातला आवाज काढला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"काकी, थांब. नारळ खाली ठेव. ब्लाउजखाली काय लपवलंयस ते सगळ्यांना सांग आधी."

डोहाळ्यांचं गाणं थांबलं. बायका बघायला लागल्या. मी सगळं सांगितलं, नागीण, कांजिण्या, पोटातलं बाळ, एकही पायरी न गाळता. आणि शेवटी, "लपवायची सवय जुनी आहे हिची," असंही म्हटलं. संक्रांतीचं ते हळदीकुंकू आठवणाऱ्या दोन म्हाताऱ्या तिथे होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी डोळे भरून बघून घेतलं.

"माका काय ठाव, गो, ह्या लागता म्हणान?" एवढंच काकी म्हणाली. तिने नारळ सतरंजीवर ठेवला आणि भिंतीला धरून उभी राहिली. मला हसू येत होतं. ते मी आवरलं, इतकंच.

भाची पांढरी पडली होती. "आत्या, मला कांजिण्या कधी झाल्याच नाहीयेत. आईने नेहमी लांब ठेवलं. लस पण नाही घेतली. आणि मी दोन दिवस आजीला मिठी मारून झोपतेय."

माझं हसू तिथेच गेलं. त्या दिवशी परळच्या डॉक्टरांकडे दोन रिपोर्टांची सोय झाली. काकीला विषाणू रोखायच्या गोळ्या सुरू झाल्या. भाचीच्या रक्तात ह्या विषाणूला ओळखणारं कोणीही नाही, असं निघालं. तिला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं. उसने पहारेकरी म्हणा. ते लढतात, पण मुक्कामाला राहत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता चार आठवडे वाट बघायची. अंगावर एक जरी फोड दिसला तरी ताबडतोब यायचं. तिला शीवला सासरी पाठवलं, तिची आई तिच्यासोबत गेली.

राहिला प्रश्न काकीचा. तिच्या पाठीला आणि छातीखाली दिवसातून तीनदा औषध लावायचं होतं. मुलाला ती हात लावू देईना. सुनेने शीवहून येऊन-जाऊन करायचं म्हणजे भाचीच्या जिवाला पुन्हा घोर. "आत्या, तुला झाल्यात ना कांजिण्या? तुला काही होणार नाही ना?" भाचीने फोनवर विचारलं. मला झाल्या होत्या. काकीच्याच कृपेने झाल्या होत्या. म्हणजे काकीची पाठ पुसायला अख्ख्या मजल्यावर निर्धास्त अशी मीच होते.

मी हो म्हटलं. दयेने नव्हे. ती माझ्या हातात पालथी पडणार होती, म्हणून.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाये, मासे चलतले?"

डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "नागीण म्हणजे तीच देवी. देवी घरात असताना मासे? तूच सांग, काकी." तिने मान हलवली. तिच्या पिढीने घालून दिलेलं पथ्य तिलाच मोडता येईना. दहीभात, मुगाचं वरण, बिनफोडणीची भाजी. आणि मी माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून रोज ओले बोंबील तळायचे. वास कुठे जाणार, भिंतीला भिंत. कधी मांदेली, कधी तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण. मालवणी बाईला ह्याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्टात नाही. दुपारी औषध लावायला गेले की ती डोळे मिटून म्हणायची, "आज तिरफळा घातलंस मां?" मी म्हणायचे, "हो. भरपूर."

फोड लाल होते. औषधाचा बोळा लागला की ती उशी चावायची, पण ओरडायची नाही. माझा हात हलका पडत नव्हता आणि मी तो हलका केलाही नाही.

दुसऱ्या आठवड्यात खपल्या धरायला लागल्या. काकीचं दुखणं कमी झालं, पण दर तासाला एकच विचारणं. "चेडवाचो फोन इलो? अंगार काय दिसला?"

"अजून नाही."

"मगे आता काय येणा नाय. आठ दिस होवन गेले."

"काकी, आठ दिवसांत नाही कळत. विषाणू आत शिरला तरी दोन-तीन आठवडे गप्प असतो. इंजेक्शन घेतलं की चार आठवडे धरतात."

ती पालथी पडली होती. तिने मान उचलली. "तीन आठवडे?"

"हो."

"तरीच," ती म्हणाली. "वैनीन आठच दिस धरल्यान होते."

वैनी म्हणजे माझी आई. माझा हात थांबला. "कसले आठ दिवस?"

मी बोळा वाटीत टाकला आणि तिच्या तोंडासमोर जाऊन बसले. मग तिने सांगितलं. चाळीत साथ होती आणि आईला भीती होती की मला नेमक्या परीक्षेच्या वेळी देवी येतील. लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या, हे तर सगळ्याच आया म्हणत. आईने त्यात आपली हुशारी घातली. परीक्षेच्या आधीच आणून मोकळं करायचं.

"हळदीकुंकवासाठी मी झीलाक लपवलंय ता खरा. पण तुझ्या आयशीक सकाळीच सांगलंय. वैनी, चेडवाक धाडू नको. तर तिनाच तुका तिळगूळ देवन धाडल्यान. आठ दिसांत येतली, परीक्षेक बरी होतली, म्हणाली. आठ दिसांत काय इला नाय. तिका वाटला, लागलाच नाय."

"आणि तू गप्प बसलीस? इतकी वर्षं?"

"तिना माझे पाय धरल्यान, गो. मोठी जाव असान. म्हणाली, पोरगी माझ्यार रुसली तर शिकणाच सोडतली. तुझ्यार रुसली तर काय बिघाडता?" काकीने उशीवर गाल टेकला. "आणि तू शिकलंस. माझ्या रागान का होयना."

तिरफळाचा वास माझ्या हाताला होता. मी उठले, दार ओढून घेतलं आणि घरी आले.

आमच्याच धड्याच्या शेवटी एक परिच्छेद असायचा. कधी कधी संरक्षण करणाऱ्या पेशींची ओळखण्यात चूक होते, आणि ज्याचा काही अपराध नाही त्यालाच त्या वर्षानुवर्षं कुरतडत राहतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून मी तो घाईत उरकायचे.

आई फोटोत होती, नेहमीसारखी, किंचित हसत. मी पाल्यावर पडले होते तेव्हा साय काढलेलं गार दूध पाजणारी आई. "तिना सांगूक व्हया होता," म्हणणारी आई. रिकाम्या वाट्या परत जाताना बघत राहणारी आई. तिने मला भल्यासाठीच पाठवलं असेल. तिचा हिशेब चुकला, हेही मी समजू शकते. विषाणू किती दिवस दडतो, हे तिला कोण सांगणार होतं? पण त्या एका वाक्याचं काय? ती जिवंत असती तर मी तिला समोर बसवून विचारलं असतं. ती सुटली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ह्याचा मला इतका संताप आला की मी कपाटाचं दार आपटलं आणि फोटो हलला.

दुसऱ्या दिवशी मी बोंबील तळले. काकीची स्टीलची वाटी होती, तिच्या त्या हळदीकुंकवातली, कडेला बारीक नक्षी असलेली. ती काठोकाठ भरली आणि घेऊन गेले.

"पथ्य?" काकी म्हणाली.

"डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून सगळं खायला सांगितलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं. "बरा," म्हणाली आणि खायला लागली. काटे काढायलाही थांबली नाही. मी माफी मागितली नाही. ती इतकी वर्षं गप्प राहिली, त्या गप्प राहण्याचा राग माझा मी वेगळा ठेवला आहे. पण त्या दिवसापासून माझा हात हलका पडायला लागला, तो आपोआप.

चार आठवडे संपले. भाचीच्या अंगावर एक ठिपका उठला नाही. पुढे मुलगी झाली. काकीने तिला मांडीवर घेतलं, तेव्हा मी समोरच उभी होते. बाळ मोठं झालं की लस टोचून घ्यायची, हे मी तिच्या आईकडून वदवून घेतलं. साथीत कोणाच्या घरी पाठवायचं नाही, तिळगूळ द्यायलासुद्धा नाही.

फुलपुडी अजूनही रोज सकाळी कडीला अडकवलेली असते. ती मी सोडत नाही, तशीच उचलते आणि काकीकडे नेते. सुरुवातीला ती विचारायची, "गो, वैनीच्या फोटोक हार नाय घातलंस?" आता विचारत नाही. पॅसेजमध्ये आमच्या दारासमोर खुर्ची टाकून पाठ करून बसते. मी तिचे पांढरे केस विंचरते, अंबाडा बांधते आणि त्यात फुलं माळते. आमचं दार तेवढा वेळ उघडंच असतं. तिथून आईचा फोटो दिसतो, म्हणजे तिलाही आम्ही दिसत असणार.

दिसू दे.